फरकाची रक्कम

लोहगावच्या काउंटरवर, पहाटे चार पन्नासला,
मुलगी म्हणाली, साडेसहा हजार भरलेत
तर पुढची सीट देते, बिझनेस क्लासची.
मी विचारलं, पुढून विमान लवकर पोचतं का?
ती हसली. मी हसले नव्हते.

सत्तावीस वर्षं भोसरीच्या कंपनीत
प्रवासखर्चाची बिलं तपासली मी,
हिरव्या शाईने. लाल साहेबांची होती.
पुणे–बंगळूर, पंच्याऐंशी मिनिटं.
चढताना पट्टा, उतरताना पट्टा,
त्याची तीस वजा.
उरल्या पंचावन्नांना
मिनिटाला एकशे अठरा रुपये अठरा पैसे.
किंवा तीन महिन्यांचं दूध, रोज लिटरभर,
वर वीस रुपये सुटे.
हिशेब रांगेतच झाला. मागचे खाकरले.
आणि तरी मी कार्ड काढलं.

का, ते सांगायला हवं.

मेंटेनन्सला उंब्रजकर होते. प्रल्हाद उंब्रजकर,
सहा फूट तीन, दारातून वाकून यायचे
आणि खुर्चीत बसले तरी उभेच वाटायचे.
महिन्यातून दोनदा चेन्नई, तिथल्या प्रेसच्या दुरुस्तीला.
एकदा त्यांनी वरच्या वर्गाचं बिल लावलं,
कारणाच्या रकान्यात लिहिलं : पाय मावत नाहीत.
मी शेरा मारला : पावणेदोन तास. दुमडावेत.

अख्ख्या अकाउंट्सने तो कागद हातोहात वाचला.
कँटीनमध्ये कुणी जागा नाही म्हटलं
की दुसरा म्हणायचा, दुमडावेत.
मलाही, खोटं कशाला बोलू, गोड वाटलं.
फरकाची रक्कम पगारातून वळती झाली.
पुन्हा त्यांनी बिल लावलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तळजाईवर दिसले.
काठी. कमरेला पट्टा.
उंचीने माझ्या जवळ आल्यासारखे.
मी नजर चुकवायच्या आत हात जोडून म्हणाले,
"नमस्कार बाई. दुमडले."
आणि मोठ्यांदा हसले, खरंच हसले.
राग असता तर बरं झालं असतं.

तर दोन-ए. रुंद, राखाडी,
डोक्यामागे पांढरं कापड, न्हाव्याकडे असतं तसं.
गरम रुमाल आला, त्याने काय पुसायचं कळेना,
चष्मा पुसला.
कप चिनी मातीचा, चहा मात्र पिशवीचाच.
उपम्याला काटा-सुरी, स्टीलची, जड.
मागे जाणारे लोक माझ्याकडे बघत गेले,
लग्नात पहिल्या पंगतीला बसलेल्यांकडे बघतात तसे.
मग पडदा ओढला.
पलीकडे एक मूल रडत होतं,
ते अलीकडेही तेवढंच ऐकू येत होतं.

मी चार फूट अकरा.
पाय जमिनीला टेकले नाहीत.
गुडघ्यांपुढे एवढी जागा
की देव्हारा मांडता आला असता.
बिलं मोजावीत तशी
दोनदा मोजली, डोळ्यांनीच.
मावले असते.

बंगळूरला भाचीने विचारलं, वसूल झाले का गं पैसे?
म्हटलं, माझे नाही.

परतीला तेवीस-एफ, साधी.
मधल्या सीटवर एक लांबलचक मुलगा,
बालेवाडीला कसल्याशा सामन्यांसाठी निघालेला,
गुडघे पुढच्या पाठीत रुतलेले,
सॉरी सॉरी म्हणत अंग चोरणारा.
म्हटलं, इकडे पसर रे, माझ्या पायांपुढे.
मला लागत नाही एवढी जागा.
त्याने आधी एक पसरला, जरा थांबून दुसरा,
आणि तोंड उघडं टाकून झोपला.

पुण्यावर घिरट्या. हवाई दलाचा सराव चालू,
वीस मिनिटं उशीर, कप्तान म्हणाला.
खाली दिवेघाट दोनदा येऊन गेला.
मी खिडकीला चिकटून,
पर्स मांडीवर,
पर्समध्ये हिरवं पेन,
टोपण लावलेलं.