रुस्तावीचा बाजार

नुग्झारनं बॉनेट उघडलं, तेल हुंगलं,
टायरला लाथ मारून पाहिली, बापाची सवय.
विकणारा म्हणाला,
"अमेरिकेत एकाच बाईनं चालवलीय. शाळा आणि घर."

त्सिआला काहीच बोलली नाही.
मधल्या सीटचा पट्टा ओढत राहिली
पार शेवटच्या वितीपर्यंत,
जिथवर तो कुणी कधी ओढत नाही.
तिथं रेघ. मातकट.
कुणाच्या तरी अंगणात पाणी चढत गेलं होतं एका रात्री
आणि ही उभी होती.

म्हणजे दीड हजार कमी ते यासाठी.
आणखी सातशे उतरले असते, सहज,
पण तोवर मागच्या रांगेत
पोरांचं खिडक्यांवरून भांडण होऊन मिटलंही होतं,
धाकटी तर बूट काढून झोपली.

विकणाऱ्यानं ते पाहिलं
आणि कॅल्क्युलेटर खिशात टाकला.