पाच पिना

केबल आधी उलटीच लावली मी.
आऊटमधून निघून आऊटमध्येच.
बोगुमिवाबाई म्हणाल्या, दोघंही बोलताहेत रे,
ऐकायचं कुणी?

वूच शहर, चौथा मजला,
खिडकीत बंद पडलेली कापडगिरणी.
बीटच्या सुपाचं भांडं सरकवून टेबलावर ठेवलेला सिंथ:
तीस वर्षं दर शनिवारी लोकांची लग्नं वाजवलेला.
बाकीचे दिवस बाई मागावर.

पिना पाच. त्यातल्या दोन बिनकामाच्या,
लग्नघरातल्या काकांसारख्या
नुसत्याच उभ्या.

मग दिवा लुकलुकला.
त्या वाजवत गेल्या आणि पडद्यावर
आखूड, लांब, हिरव्या रेघा.
मी समजावू लागलो, यात आवाज नसतो हं,
फक्त कुठली पट्टी, किती जोरात,
बोट कधी उचललं

माहीत आहे.
आमच्या मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे असायचे.
त्यात कुठे कापड होतं?

चष्मा चढवून त्या वाकल्या,
एका मोकळ्या जागेवर नख टेकवलं.
इथे धागा तुटलाय.

करंगळी पोचलीच नव्हती तिथे.
मी हात पुढे केला.
सरक, म्हणाल्या,
गाठ मला अंधारातही मारता येते.

माऊस उलटा धरला होता त्यांनी.
मी काही बोललो नाही.