तिसरा काटा

सोलापूर उन्हासाठी बदनाम आहे,
पण रूळ तुटतात ते थंडीत.
गड्ड्याच्या जत्रेचे ते पाच-सहा दिवस,
पहाटे लोखंड आक्रसतं आणि स्वतःलाच ओढतं.
हे मला खुर्चीत बसून कळतं, खांद्यावर शाल घेऊन.

पाकणीच्या अलीकडे रुळाच्या पोटाला
काडेपेटीएवढी डबी चिकटवली आहे.
ती ताप मोजते, थरथर मोजते,
दर मिनिटाला कळवते:
मी ठीक. मी ठीक. मी ठीक.

गाडी आली की आलेखावर डोंगर उठतो.
पण सकाळी सहा चाळीसच्या सुमारास, गाडी नसताना,
एक बारीक काटा, बाभळीचा असावा तसा.
थोड्या वेळानं दुसरा.
मग तिसरा.

पुण्याहून आलेला कंपनीचा मुलगा म्हणाला,
नॉइज आहे मॅडम, फिल्टर लावून टाका.
मी लावला.
आलेख कांजी दिलेल्या सुतासारखा सरळ झाला,
आणि मला उगीचच करमेना.

माझे वडील साखर पेठेत मागावर होते.
सोळा माग एकदम खडखडायचे,
आम्ही घरातलं तेलुगूसुद्धा ओरडूनच बोलायचो.
ते जेवता जेवता मध्येच उठायचे:
सातव्यावर धागा गेला.
धागा तुटल्याचा कुठे आवाज येतो?
मी विचारलं होतं एकदा.
म्हणाले, येत होता तो थांबला ना.

फिल्टर काढायला अकरा दिवस लागले.
त्यातले दहा परवानगीचे.

मग दिसलं की काट्याला शेपूट असते.
हातोडा पडला की रूळ वाजतो
आणि वाजत वाजत विरतो.
मी शेपट्या मोजल्या, मागच्या महिन्यापासूनच्या.
पहिल्या काट्याची लांब, दुसऱ्याची लांब,
तिसऱ्याची सोमवारी आखूड,
गुरुवारी आणखी आखूड.
डबी म्हणत होती, मी ठीक.

फोन लावला.
पलीकडे वारा, आणि वाऱ्यात इरण्णा बिराजदार,
कीमन, सहा किलोमीटरचे धनी.
"बद्द वाजतंय की तिथं, मॅडम.
सोमवारपास्नं. मुकादमाला सांगितलंय मी.
तुमाला कुटनं ऐकू आलं?"

वेल्डच्या खाली केसाएवढी चीर निघाली.
गाड्यांचा वेग वीसवर आणला,
रात्री ब्लॉक घेतला, तुकडा बदलला.
हैदराबादकडं जाणारे लोक
वरच्या बर्थवर झोपून होते.
अहवालात 'दोष कोणी शोधला' या रकान्यात
दोन पर्याय असतात, यंत्र किंवा माणूस,
आणि एकच निवडता येतो.
मी बराच वेळ निवडला नाही.
मग संगणकानं स्वतःच पहिला घेतला.

पुढच्या आठवड्यात ते रजेच्या अर्जाचं काही बघायला
डिव्हिजनच्या इमारतीत आले.
दारात बूट काढू लागले. नको म्हटलं, तरी काढलेच.
मी त्यांना हेडफोन दिला.
म्हटलं, तुमचा हातोडा ऐका.

डोळे मिटून ऐकलं त्यांनी.
टण्ण.
"पुना लावा."
टण्ण.
कानांवरून काढून, बाहीनं पुसून
त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला.

"ह्यो माझा न्हवं."
तुमच्याच बीटचा आहे, मी म्हणाले.
"बीट माझी. हात दस्तगीरचा.
त्यो मनगटानं मारतोय, मी खांद्यानं.
आयतवारचा असंल बगा."

तारीख बघायला मी स्क्रीनकडे वळले.
ते दारात वाकून
बुटाची नाडी बांधत होते.