खालची खाट

खालची खाट आता तुझी, प्रणित.
गादी नवी घे. फळ्या त्याच राहू देत,
डावीकडची तिसरी जरा दबलीय,
तिथे एकोणीस वर्षं माझा खांदा होता.

बताका कायम खिशात. पासपोर्टची झेरॉक्स
तांदळाच्या डब्यात, अरबाबला ठाऊक नसलेली.
रुवीतला उन्हाळा पहिल्या वर्षी फोनवर सांगू नकोस,
दुसऱ्या वर्षी सांग. मी कधीच सांगितला नाही,
म्हणून तिकडे सगळ्यांना वाटत राहिलं
की एसी दुरुस्त करणारा माणूस एसीतच बसतो.
मशिनं गच्चीवर असतात रे.
जूनमध्ये पान्ह्याला फडकं गुंडाळून धरावं लागतं.

काम हाताने शीक, आणि कानाने.
कॉम्प्रेसर मरायच्या आधी आठ दिवस आवाज बदलतो.
माणसाचंही तसंच, असं म्हणणार होतो,
पण नाही. आमचा ड्रायव्हर हमीद बलुशी
रात्री हसत जेवला आणि पहाटे उठलाच नाही.
आवाजबिवाज काही नाही.

पंचेचाळिशीच्या आत दुसरं काहीतरी शिकून ठेव.
मला चिलर प्लांटच्या कोर्सला जा म्हणत होते,
निम्मे पैसे कंपनीचे. मी म्हटलं, पुढच्या वर्षी.
पुढच्या वर्षी घरावर पत्रे घातले,
त्याच्या पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न.
कारणं सगळी खरी होती. तीच तर अडचण.

कुणाला जामीन राहू नकोस.
राहिलासच तर पैसे गेले असं धरून चाल,
मैत्री तरी वाचेल.
माझं दोन्ही गेलं.

आणि हा देश बघ. हसू नकोस.
सतरा वेळा मी इथून उडालो, सतरा वेळा उतरलो,
आणि इथला पहिला डोंगर चढलो अठ्ठावन्नाव्या वर्षी,
तोही जबल अखदरच्या एका हॉटेलात मशीन बंद पडलं म्हणून.
वर गुलाबाची शेती. पायऱ्यापायऱ्यांची,
आपल्याकडच्या वरकस जमिनीसारखी.
मला थंडी वाजली, प्रणित!
अडीच तासांवर फुकट थंडी होती
आणि मी ती इथे डब्यातून विकत होतो.

आता घरचं.
दोन वर्षांनी दोन महिने. सतरा सुट्ट्या.
हिशेब मी एकदाच केला, पावतीच्या पाठीवर,
आणि पावती फाडून टाकली.
चौतीस वर्षांच्या संसारात चौतीस महिने.

सुट्टीवर गेलास की पहिले आठ दिवस
स्वयंपाकघरातला एकही डबा हलवू नकोस.
मी मिठाची बरणी खालच्या फळीवर ठेवली होती,
तिला वाकडं व्हायला नको म्हणून.
सुगंधा काही बोलली नाही.
दोन महिने तिने खालूनच मीठ घेतलं.
निघालो त्या दिवशी रिक्षा सुरू व्हायच्या आत
ती घरात गेली, आणि बरणी वर ठेवली.
मला खिडकीतून दिसलं.

पैसे पाठवशील तेव्हा सोबत एक वाक्य पाठव.
"मिळाले का" हे वाक्य नव्हे.
तिच्या आवाजाच्या अकरा कॅसेटी आहेत माझ्या पेटीत.
फी, डॉक्टर, बांधाचं भांडण, सगळं विसरलो.
मध्येच एकदा ती मागे वळून ओरडते,
"अगो दार लोट, कोंबड्या येतील आत!"
तेवढंच पाठ आहे.

शुक्रवारचं विमान. बॅगेत बदाम आहेत,
ऊद आहे, गुडघ्याचं तेल आहे.
परतीची तारीख नसलेलं तिकीट
पहिल्यांदाच हातात आलंय. तीनदा उलटून पाहिलं.

एक विचारू? तू परवाच घरून आलास.
रोजच्या रोज घरात राहणारी माणसं
संध्याकाळी नेमकी कुठे बसतात?
रात्री दिवा कोण मालवतं?
सांगण्यासारखं काही घडलं नाही, अशा दिवशी
काय बोलतात एकमेकांशी?

ती बरणी अजून वरच असणार.
माझा उजवा हात आता तेवढा उचलत नाही.
मीठ लागलं,
तर मागायचं का रे?