वहीची शिवण

पहिला डबा आला तेव्हा थंडी होती.
गजकचाच डबा, झाकणावर राठौरशेठच्या दुकानाचा लाल छाप,
आणि गजकही होती त्यात, दोन थर, खस्ता, तीळ भरपूर.
तिसऱ्या थराच्या जागी पाकीट.
मी सगळं होतं तसं लावून ठेवलं
आणि बायकोला म्हटलं, छान आहे गजक.

वैशाखात गजक कोण खातं ग्वाल्हेरात?
तरी डबे येत राहिले.
चिटणीसांच्या गोठीतल्या आमच्या गल्लीला वाटायचं,
शेठचा फार जीव आहे भापकरांवर.

शलाका गोलकीपर.
पॅड बांधले की दाराएवढी रुंद दिसते,
एरवी किडकिडीत.
शेठच्या पुतण्याचं कॉलेज मुरारला, नवीन,
फाटकाच्या आत काचेचं कपाट होतं, ढालीसाठी, रिकामं.
मला एवढंच म्हणाले,
"लड़की यहीं रहे, बाबूजी."
ती कुठे जाणार होती?
न जाणाऱ्या मुलीला न जाऊ देण्याचे
महिन्याला चार हजार.

बायकोच्या पित्ताशयात खडे होते.
भाडं तीन महिन्यांचं थकलं होतं.
हे मी समितीला सांगितलं नाही,
कारण मग फ्रिजचंही सांगावं लागलं असतं
आणि फ्रिज काही आजारी नव्हता.

समिती बसली कुलसचिवांच्या मागच्या खोलीत.
एक निवृत्त न्यायाधीश, एक शरीरशास्त्राचे प्राध्यापक,
एक बाई, त्यांचा मोबाइल टेबलावर पालथा, आवाज टिपत.
पंखा बंद, कागद उडतात म्हणून.
ते हिंदीत विचारत होते, मी हिंदीत उत्तरं देत होतो,
लाज तेवढी मराठीत वाटत होती.

मग त्यांनी वही पुढे सरकवली.
"पहचानते हैं?"

लाल कापडी पुठ्ठा, कोपऱ्यांना कातडं.
आठ फर्मे, फर्म्याला पाच टाके,
शेवटची गाठ डावीकडे,
कारण माझा उजवा अंगठा सरकारी छापखान्याच्या
कटिंग मशीननं अर्धा ठेवलाय.
गाठ डावीकडे मारणारा बाइंडर
या शहरात दुसरा कुणी असेल तर असो.

दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळच्या कामात शिवली होती.
शेठच्या मुनीमानं शंभरवरून घासून
साठ हातावर टेकवले होते.
आत आता त्याचंच अक्षर:
भापकर, मिठाई, ४०००.
भापकर, मिठाई, ४०००.
माझे ते साठ कुठे लिहिलेत पाहावं
म्हणून मी पान उलटायला गेलो,
तर बाईंनी वही मागे ओढली.
पुरावा आहे, हात लावू नका.

"पहचानते हैं या नहीं?"
हो म्हणालो.
त्यांनी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि ते हो लिहून घेतलं.
शिवणीचं सांगायला तोंड उघडलं,
तोवर पुढच्याला हाक मारली होती.
पुढची सेंटर फॉरवर्डची आई,
तिच्याकडे स्कूटर पोचली होती म्हणे.

निकाल टपालानं आला. दोन मोसम बंदी.
शेठच्या दुकानासमोर त्याच दिवशी
नेहमीचीच रांग.

शलाकानं कागद दोनदा वाचला.
ओरडेल, ताट भिरकावेल, मी तयार होतो.
ती म्हणाली, "चार?"
मी म्हटलं, हो.
"आणि मंजिष्ठाकडे स्कूटर?"
मग हसली, म्हणजे नाकातून हवा सोडली,
"गोलकीपरला कायम कमीच, बाबा."

आता रोज कंपूच्या मैदानावर जाते, कुणाच्या संघात नाही.
शाळेतली पोरं तिच्यावर चेंडू मारतात
आणि ती अडवते.
गुडघा सुजवून परत येते,
फ्रिज उघडते,
बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटते,
फडक्यात बांधून बसते माझ्यासमोर.

मी फ्रिज विकायचा म्हणतोय.
ती म्हणते, गुडघा बरा होईपर्यंत थांबा.