हातभर

आगरवाड्याच्या शाळेत पहिल्या दिवशी
सगुण नवा शर्ट घालून आला, केस पाण्याने चापून.
"मास्तर, कॅमेरो खंय?"
कॅमेरा नाही, म्हणालो.
तो बसला, आणि शर्टाची वरची गुंडी सोडली.

टेबलावर सोळा मिलिमीटरचं एक रीळ,
कोरं, काचेसारखं आरपार.
गोधडीच्या सुया, मार्कर, एक पत्ती.
फूटपट्टी मी पणजीला विसरलो होतो,
म्हणून कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
फिल्म मोजली:
माझा हात साठ चौकटींचा, म्हणजे अडीच सेकंद.
सगुणचा हात दोन सेकंदांचा.
शाळा झाडायला येणाऱ्या सुकांतीबाईंचा
मिठागरात फळी ओढून पुरता सरळ होत नाही,
तो सव्वादोन धरला.
त्या म्हणाल्या, एवढाच?

एकाच जागी ठिपका काढा, म्हणालो,
प्रत्येक चौकटीत, बरोब्बर मधोमध.
सगुणने जीभ दातांत धरून अठ्ठेचाळीस काढले.
भिंतीवर पडला तेव्हा ठिपका
जाळ्यातल्या कोळंबीसारखा उडत होता.
"हांवें थंयच काडिल्लो!"
माहीत आहे रे.
बावीस वर्षं झाली, माझाही तिथे राहत नाही.

सुकांतीबाईंनी काहीच काढलं नाही.
आपला तुकडा नेला आणि शेवटच्या वाफ्यात,
जिथे पाणी जड होऊन गुलाबी दिसतं,
तिथे दगडाखाली ठेवून आल्या.
तीन दिवसांनी पदरातून काढला:
खडबडीत, पांढरा, कडेच्या भोकांतसुद्धा मीठ.

हा चालणार नाही, मी सांगितलं.
यंत्र अडकेल, दात झिजतील,
आणि माझ्याकडे प्रोजेक्टर एकच आहे.
त्यांनी हात मागे घेतला नाही.

मग सुईने एकेक भोक मोकळं केलं,
संध्याकाळ गेली त्यात.
मिठाच्या कोठाराच्या भिंतीवर लावला.
आधी आवाज, रेतीवर होडी ओढल्यासारखा,
मग चौकोन. काळ्या कडांचे, आत लख्ख,
एकमेकांवर चढणारे, फुटणारे,
सव्वादोन सेकंद.

परत, म्हणाल्या.
दुसऱ्यांदा कमी होते.
पाचव्यांदा उरले ते फक्त ओरखडे
आणि कोपऱ्यात हटून बसलेला एक खडा.
"गेलें?"
मी प्रोजेक्टरखालचा कागद दाखवला,
त्यावर चिमूटभर सांडलं होतं.
सगुणने बोट टेकवून चाखलं,
आणि मान डोलावली, जणू हिशेब जुळला.
त्या कागदाची पुडी बांधून बाई घरी गेल्या.

पुढच्या महिन्यात मडगावच्या कॉलेजात
मी हेच शिकवत होतो,
फूटपट्टी होती, चाळीस मुलं होती.
मधेच यंत्रात काहीतरी करकरलं.
एका मुलाने उठून विचारलं, बंद करू का सर?
नको, म्हणालो.