डावं रुमणं

गुरुवारी संग्रहालय बंद असतं. तेव्हा मी येते,
जवसाचं तेल आणि नवऱ्याचा जुना सुती सदरा घेऊन.
पगार नाही. चहा मिळतो,
आणि मेरव्हिनच्या हातची दगडी बिस्किटं.

पाटीवर लिहिलंय:
वसाहतीच्या आरंभीचा नांगर. एक फाळ. बीड आणि ओक.
दलदलीत चर खणताना सापडला. मालक अज्ञात.

अज्ञात म्हणे.
माझी खापरपणजी पिरिहिरा,
तिनं तीस डुकरं आणि बटाट्याच्या नव्वद टोपल्या मोजून
जहाजावरून उतरवून घेतला हा.
बैल कुठले? पहिल्या वर्षी
सहा भाऊ जुंपले, चुलत धरून,
आणि मागे रुमण्यावर ही, पाच फूटही नाही,
ओरडतेय: पायाकडं काय बघताय, डोंगर बघा, डोंगर!
गहू झाला. आमच्याच पाणचक्कीवर दळला.
ऑकलंडचे गोरे आमच्या पिठाचा पाव खायचे.
हे पाटीवर मावत नाही.

मग नदी चढून सैन्य आलं.
माणसं रात्रीत निघाली, म्हातारी पाठीवर, पोरं पोटाशी.
नांगर जड. तिनं नेला नाही,
मागं सोडलाही नाही.
हराकेकेच्या पात्यांत गुंडाळला आणि दलदलीला दिला,
शेजारणीकडं भांडं ठेवावं तसा:
येते गं, आल्यावर नेईन.

परत आली तेव्हा जमीन नकाशावर गेली होती.
रेघाच रेघा.
सरळ होत्या, एवढं मात्र ती कबूल करायची.

उजवं रुमणं गुळगुळीत आहे. डाव्याला खळगा,
अंगठ्याच्या बुडाएवढा खोल.
मेरव्हिन म्हणतो, कीड असेल.
मी काही बोलत नाही.
मीही डावखुरी. शाळेत बाईंनी
या हातावर पट्टी मोडली होती.

समितीला तीन पत्रं दिली. पोच आली, छापील.

मेरव्हिन घड्याळ दाखवतो: दोन तास झाले की!
तिची दोन तासं अजून व्हायची आहेत, वांग्याकडच्या उतारावरची,
हे त्याला कसं सांगू?
फाळाच्या खाचेत अजून काळा चिखल निघतो,
एकशे साठ वर्षांनंतरही ओला वाटणारा.
नियमानं तो काढायला हवा.
मी तेवढी जागा सोडून तेल लावते.